निम्म्या किमतीची आलिशान गाडी आणि पूर्ण किमतीचे सुटे भाग

वस्तू आणि सेवा कराच्या दरांची २२ सप्टेंबर २०२५ पासून फेररचना झाली, तेव्हा चर्चा झाली ती प्रामुख्याने छोट्या गाड्यांची. मोठ्या आणि आलिशान गाड्यांच्या बाबतीत जे घडले, त्याची दखल तुलनेने कमी घेतली गेली. या गाड्यांवर पूर्वी २८ टक्के कर आणि त्याशिवाय १७ ते २२ टक्के भरपाई उपकर, असा एकूण ४५ ते ५० टक्क्यांचा बोजा होता. उपकर गेला आणि सरसकट ४० टक्के कर लागू झाला. ज्या एसयूव्हीची करपूर्व किंमत ५० लाख रुपये आहे, ती पूर्वी करासह ७५ लाखांना पडत असे. नव्या दराने ती ७० लाखांना पडते. पाच लाखांची ही घसरण केवळ नव्या गाडीपुरती राहत नाही. वापरलेल्या गाडीचा भाव हा नेहमी नव्या गाडीच्या सावलीत चालतो. सावलीचा धनी सरकला की सावलीलाही सरकावेच लागते. ज्याने दोन वर्षांपूर्वी ७५ लाख मोजले, तो अजूनही आपल्या जुन्या बिलावर बोट ठेवून किंमत सांगतो. ग्राहकाने मात्र आजच्या ७० लाखांपासूनच उलटे मोजायला हवे.

हा प्रश्न आता केवळ मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही, आणि बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात तर तो वेगळ्याच रूपात उभा राहतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचे सुमारे ८७ किलोमीटर या जिल्ह्यातून जातात. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या जमिनी थेट खरेदीने घेतल्या गेल्या, त्या बाजारभावाच्या काही पट मोबदला देऊन. पिढ्यान्‌पिढ्या कापूस-सोयाबीनच्या चक्रात अडकलेल्या घरांत एकरकमी पैसा पहिल्यांदाच आला. त्यातून कोणी दुसरीकडे शेती घेतली, कोणी शहरात भूखंड घेतला, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी ठेव ठेवली, आणि अनेकांच्या अंगणात चारचाकी आली. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. मेहकर किंवा दुसरबीडच्या इंटरचेंजवरून चढायचे आणि ताशी १२० किलोमीटरने निघायचे, ही सोय दारात आल्यावर त्या रस्त्याला शोभेल अशी गाडी हवी, असे वाटणे स्वाभाविकच होते. नवी परवडत नाही. पण तीन-चार वर्षे वापरलेली मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी नव्या मध्यम गाडीच्या भावात मिळते, हे मोबाइलवर एका क्षणात कळते.

या मोहाला शेजारच्याच जिल्ह्यात एक पूर्वपीठिका आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज गाड्या विकल्या गेल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांची ती खरेदी देशभर गाजली. मागास म्हणून हिणवल्या जाणाऱ्या भागाची ऐपत दाखवून देणे, हा त्यामागचा एक उघड हेतू होता आणि तो सफलही झाला. गटाने खरेदी केल्यामुळे कंपनीकडून सवलत मिळाली, सरकारी बँकेने सात टक्के व्याजाने कर्ज दिले. त्याच सुमारास ट्रॅक्टरसाठी शेतकऱ्याला त्याच्या दुपटीहून अधिक व्याज मोजावे लागत होते, याकडे ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी लक्ष वेधले होते. तो वाद आज बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. त्या दीडशे गाड्या नव्या होत्या, वॉरंटीत होत्या आणि एकाच शहरात इतक्या संख्येने होत्या, की त्यांच्या सेवेची व्यवस्था करणे कंपनीलाही परवडणारे होते. चिखलीत किंवा मलकापुरात एकट्याने घेतलेल्या जुन्या गाडीला यांतले काहीच लाभत नाही.

तरीही थोडी वापरलेली गाडी घेण्यामागचा हिशेब मुळात चुकीचा नाही. उलट, तो अनेक बाबतींत शहाणपणाचा आहे. महाराष्ट्रात २० लाखांवरील पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेल गाडीला १५ टक्के एकरकमी वाहनकर लागतो. ६० लाखांच्या डिझेल गाडीवर तो नऊ लाख होतो. हा कर पहिल्या मालकाने भरलेला असतो आणि राज्यातल्या राज्यात नाव बदलताना तो पुन्हा भरावा लागत नाही. वस्तू आणि सेवा कराचेही तसेच. जुन्या गाडीच्या नोंदणीकृत विक्रेत्याला १८ टक्के कर लागतो, तो केवळ त्याच्या नफ्याच्या फरकावर. व्यक्तीने व्यक्तीला विकली तर तोही नाही. म्हणजे आलिशान गाडीच्या किमतीत सरकारचा जो मोठा वाटा असतो, तो पहिल्या मालकाच्या खात्यावर जमा होऊन गेलेला असतो. विम्यासाठी ठरलेला घसाऱ्याचा तक्ताही पाहण्यासारखा आहे. सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. आलिशान गाड्यांचा बाजारभाव तर अनेकदा या तक्त्याच्याही पुढे धावतो. पहिल्या मालकाचा तोटा हाच दुसऱ्याचा फायदा, असे त्यामुळेच म्हटले जाते.

इथपर्यंतचे गणित बरोबर आहे. ते चुकते ते पुढच्या पायरीवर. गाडीची किंमत निम्मी होते. तिच्या सुट्या भागांची होत नाही. ८० लाखांची गाडी ३५ लाखांना घेतली, म्हणून तिचा दिवा ३५ लाखांच्या गाडीच्या दिव्याच्या भावात मिळत नाही. आजच्या आलिशान गाडीतील वळणाबरोबर वळणारा, समोरच्या वाहनावरचा झोत आपोआप कमी करणारा एलईडी दिवा म्हणजे काचेमागे बसवलेला छोटा संगणकच. रस्त्यातल्या डुकराने किंवा नीलगायीने तो फोडला, तर एका दिव्याचा खर्च लाखाच्या घरात आणि वरच्या मॉडेलांत त्याहून बराच पुढे जातो. हवेच्या फुग्यांवर तोललेले सस्पेन्शन असेल तर तेच. शिवाय बदललेला भाग नुसता बसवून भागत नाही. तो गाडीच्या संगणकाला ‘ओळखावा’ लागतो आणि हे काम बहुतेक वेळा कंपनीच्या प्रणालीशी जोडलेल्या कार्यशाळेतच होते. इंजिनाच्या आवाजावरून बोलेरोचा आजार सांगणारे कसबी मिस्त्री खामगाव-चिखलीत आहेत. त्यांच्या कसबाला इथे वावच राहत नाही.

अधिकृत सेवाकेंद्र गाठायचे तर बुलडाण्याहून छत्रपती संभाजीनगर साधारण दीडशे किलोमीटर, नागपूर तर त्याच्या दुपटीहून दूर. किरकोळ बिघाडासाठीही एक दिवस मोडतो. भाग मागवावा लागला तर दोन फेऱ्या. गाडी जागेवर बंद पडली तर ती दोरीने ओढून नेता येत नाही. चारही चाकांना ताकद देणाऱ्या किंवा स्वयंचलित गिअरच्या गाडीला सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून न्यावे लागते. त्यामुळे पुण्यातल्या ग्राहकाने आणि लोणारच्या ग्राहकाने एकच गाडी एकाच भावात घेतली, तरी दोघांना ती सारख्या किमतीला पडत नाही. जाहिरातीत किलोमीटर, वर्ष, मालक क्रमांक दिलेले असतात. कार्यशाळेपासूनचे अंतर हा रकाना नसतो. बुलडाण्यात खरे तर तोच पहिला असायला हवा.

मग सुखसोयींचे काय? या गाड्या घेतल्या जातात त्या त्यांच्यासाठीच. त्यांची सरसकट टवाळी करण्यात अर्थ नाही. पण त्यांतला भेद ओळखायला हवा. काही सुखसोयी मुक्या असतात. दोन तासांनंतरही पाठ न अवघडू देणारी बैठक, बाहेरचा आवाज अडवणाऱ्या जाड काचा, वेगात रस्ता न सोडणारा सांगाडा, मोठे आणि भरवशाचे ब्रेक. यांना बटण नसते, म्हणून विक्रेता यांच्याविषयी फारसे बोलतही नाही. पण त्या सात वर्षांनीही जवळपास तशाच राहतात. दुसऱ्या सुखसोयी विजेवर चालतात: आपोआप ओढून लागणारे दरवाजे, मसाज करणारी आसने, हाताच्या खुणेने चालणारा पडदा, पाय हलवताच उघडणारी डिकी. पहिल्या भेटीत भुरळ घालतात त्या याच, आणि वय झाल्यावर कुरकुरतात त्याही याच. अमेरिकेत जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या तक्रारींचा दरवर्षी अभ्यास करते. तिच्या २०२५ च्या पाहणीत शंभर गाड्यांमागे सरासरी २०२ तक्रारी होत्या आणि सर्वाधिक तक्रारी इंजिनाच्या किंवा गिअरच्या नव्हत्या, तर पडदा, जोडणी, नकाशा, आवाजी आज्ञा यांच्या होत्या. लेक्ससने त्या यादीत सलग तिसऱ्या वर्षी पहिला क्रमांक राखला. नवनव्या करामती सर्वांत आधी आणण्याची घाई न करणारी कंपनी म्हणूनच तिची ओळख आहे, हा योगायोग नसावा.

बटणे काढून सारे काही पडद्यात कोंबण्याच्या हौसेला आता युरोपातही लगाम बसू लागला आहे. युरो एनकॅप या सुरक्षा-चाचणी संस्थेने २०२६ पासून सर्वोच्च गुणांकनासाठी दिशादर्शक, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर यांसारख्या गोष्टींना स्वतंत्र हातचलाखीची बटणे वा दांडे असण्याची अट घातली आहे. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत गरम आसनांसाठी मासिक वर्गणी आकारून पाहिली आणि वर्षभरात तो प्रयोग गुंडाळला. गाडीत बसवलेल्या तारेतून वीज सोडण्यासाठी दरमहा पैसे मागणे हे ग्राहकाला पचले नाही. वापरलेली गाडी घेणाऱ्याने मात्र यातला धागा सोडू नये. पहिल्या मालकाच्या खात्याला जोडलेल्या ऑनलाइन सेवा, नकाशे, मोबाइलवरून दार उघडण्याची सोय यांतले काय दुसऱ्याच्या नावावर येते आणि काय मुदत संपून मृत झाले आहे, हे व्यवहारापूर्वीच विचारलेले बरे.

बुलडाणा जिल्ह्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग सांगितले जातात, आणि गाडीच्या सोयींचीही तशीच फाळणी करता येईल. घाटाखाली, मलकापूर-नांदुरा-शेगावच्या पट्ट्यात, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. तिथे आसनातून हवा खेळवणारी सोय चैन म्हणता येणार नाही. ती आत बसलेल्या पंख्यापुरती असते, बिघडली तरी खर्च आवाक्यात राहतो. मागच्या प्रवाशांसाठी स्वतंत्र वातानुकूलनही तसेच. काचेच्या छपराचे समर्थन करणे मात्र अवघड आहे. ते उघडून मे महिन्यातल्या मलकापुरात नेमके काय आत घ्यायचे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. धूळ त्याच्या रुळांत बसते, पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या तुंबतात आणि पहिल्या मोठ्या पावसात छताच्या कापडावर डाग उमटतो. राजूर घाटात किंवा ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणाऱ्या बोथा मार्गावर रात्री उपयोगी पडतात ते चांगले दिवे आणि ब्रेक. पट्टा ओळखून स्टिअरिंग सावरणारी यंत्रणा समृद्धीवरच्या ठळक रेषांवर मदत करते. आतल्या रस्त्यांवर जिथे रेषाच नाहीत तिथे ती गप्प बसते किंवा भलत्याच वेळी सावध करते.

समृद्धीवर तर विश्वासार्हतेचा अर्थच बदलतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून मृत्युमुखी पडले. त्या अपघाताचा आलिशान मोटारींशी संबंध नव्हता. पण या रस्त्यावरची चूक दुसरी संधी देत नाही, हे जिल्ह्याने त्या दिवशी पाहिले. मैलोन्‌मैल सरळ काँक्रीट, सततचा वेग आणि तापलेले टायर यांचा मेळ धोकादायक ठरतो, म्हणून परिवहन विभागाने २०२३ मध्ये महामार्गावर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासण्याची मोहीम हाती घेतली. चार वर्षे वापरलेल्या गाडीचे टायर वरून कोरे करकरीत दिसू शकतात. त्यांच्या बाजूवर कोरलेला चार अंकी आकडा, म्हणजे तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष, खरे वय सांगतो. १९ किंवा २० इंची चाकांचा संच नव्याने घ्यावा लागला तर त्याची किंमत एखाद्या दुचाकीहून अधिक होते. ती विक्रेत्याच्या भावातून वजा करूनच बोलणी व्हावीत.

यातच एक खोच आहे. अनेक जर्मन गाड्यांत अतिरिक्त चाक नसते. पंक्चर झाले तरी चालणारे ‘रन-फ्लॅट’ टायर दिलेले असतात आणि ते साधारणतः ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत सुमारे ८० किलोमीटर जाण्यापुरते असतात. युरोपात तेवढ्या अंतरात कार्यशाळा येते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस वाशीम जिल्ह्यात समृद्धीवर पडलेल्या लोखंडी पत्र्यामुळे रात्रीत पन्नासहून अधिक वाहने पंक्चर झाली आणि प्रवासी अंधारात अडकून पडले. ज्यांच्याकडे साधे पाचवे चाक होते ते त्या रात्री सर्वांत आधी मार्गी लागू शकत होते.

सुरक्षेच्या बाबतीत आणखी एक गैरसमज रूढ आहे. महाग गाडी म्हणजे आपोआप सुरक्षित गाडी, असे गृहीत धरले जाते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी मर्सिडीज होती. मागच्या आसनांवरील प्रवाशांनी पट्टे लावलेले नव्हते. एअरबॅग हे पट्ट्याला पूरक असतात, पर्याय नव्हेत. वापरलेल्या गाडीत तर एअरबॅग जागेवर आहेत का, हेही पाहावे लागते. अपघातानंतर उघडलेल्या एअरबॅगची जागा नुसत्या झाकणाने बुजवलेली असू शकते. इग्निशन सुरू करताच तो दिवा पेटून विझतो की मुळात पेटतच नाही, एवढ्यावरून पहिला संशय घेता येतो.

आलिशान गाड्यांचा इतिहास पाहिला तर त्यांचे खरे काम उद्याच्या सामान्य गाडीची चाचणी घेणे हे राहिले आहे. चाके न अडकू देणारी एबीएस ब्रेकप्रणाली १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. भारतात एप्रिल २०१९ पासून ती प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची आहे. पुढच्या वाहनाचे अंतर राखणारी वेगनियंत्रण प्रणाली त्याच गाडीत १९९९ च्या सुमारास दिसली. २०२१ मध्ये चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० मध्ये ती मध्यमवर्गीय किमतीत आली. हवा खेळती ठेवणारी आसने २०१९ पासून किआ सेल्टॉससारख्या गाडीत मिळू लागली. थोडक्यात, पाच वर्षांपूर्वीची आलिशान गाडी आणि आजची चांगली मध्यम गाडी यांच्या सोयींच्या यादीत फारसा फरक उरलेला नाही. अनेकदा नवी गाडीच सरस ठरते. फरक उरतो तो मघाच्या मुक्या सुखसोयींत. आठवड्याला दोनदा नागपूर-मुंबई करणाऱ्या व्यावसायिकाला तो फरक संध्याकाळच्या थकव्यात मोजता येतो आणि त्याच्यासाठी तो पैशांइतका मोलाचा असू शकतो. लग्नसराईपुरती आणि शेगावच्या दर्शनापुरती बाहेर निघणाऱ्या गाडीत त्याची किंमत वसूल होणे कठीण.

कमी चालणाऱ्या गाडीचे आणखी एक दुखणे इंधनाशी जोडलेले आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग, वेगाने चालावी लागते. गावातल्या गावात फिरणारी डिझेल गाडी ही गाळणी तुंबवून घेते. त्या दृष्टीने समृद्धीवरची नियमित धाव डिझेलला मानवते. पेट्रोलचा प्रश्न वेगळा. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता सर्वत्र आहे. पण त्याला साजेसे रबर आणि जोड एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत नियमाने आले. त्याआधीची पेट्रोल गाडी घेताना इंधनटाकीच्या झाकणाआड काय लिहिले आहे ते वाचणे हे पाच सेकंदांचे काम आहे.

स्वस्त आलिशान गाड्यांचा एक मोठा झरा दिल्लीकडून येतो. तिथे दहा वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना इंधन न देण्याचे धोरण आले तेव्हा मालकांनी महागड्या गाड्या मिळेल त्या भावात काढल्याच्या बातम्या झळकल्या. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाईला लगाम घातला आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. ‘दिल्ली पासिंग’च्या गाडीचा भाव ऐकून हरखून जाण्यापूर्वी तीन गोष्टी मोजायला हव्यात: तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रात वयानुसार नव्याने भरावा लागणारा वाहनकर, आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे राहणाऱ्या गाडीला एमएच-२८ क्रमांक घेण्याची सक्ती. यांची बेरीज केल्यावर भावातला फरक बराचसा विरघळतो. किनारपट्टीच्या शहरांतून येणाऱ्या गाड्यांची गोष्ट आणखी निराळी. २६ जुलै २००५ ची मुंबई किंवा डिसेंबर २०१५ चे चेन्नई यांसारख्या पुरांनंतर पाण्यात बुडालेल्या हजारो गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला, तर गाळाची रेघ किंवा ओलसर वास अनेकदा तिथे सापडतो. विजेच्या जोडांत शिरलेले पाणी मात्र वर्ष-दीड वर्षाने बोलू लागते, तोवर विक्रेता फोन उचलेनासा झालेला असतो.

खामगावच्या चांदीचे नाव झाले ते कसाला उतरण्यामुळे. गाडीचा कस लावण्याचीही साधने आज हाताशी आहेत. चासी क्रमांकावरून अधिकृत कार्यशाळेतला सेवा-इतिहास मिळतो, त्यातील किलोमीटरच्या नोंदी मीटरवरच्या आकड्याशी ताडून पाहता येतात. वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा, विमा आणि मालकांची संख्या दिसते. बीएमडब्ल्यूचे प्रीमियम सिलेक्शन, ऑडीचे अप्रूव्हड प्लस यांसारख्या कंपन्यांच्याच दालनांतून वॉरंटीसह घेतलेली गाडी काही लाखांनी महाग पडते. शहरातल्या ग्राहकाने ती टाळली तर समजण्यासारखे आहे. दीडशे किलोमीटर दूर राहणाऱ्याने मात्र तिथेच पैसे घालावेत. वाढीव वॉरंटी ही त्याच्यासाठी गाडीतली सर्वांत मोलाची सुखसोय ठरते. विमाही नीट वाचून घ्यावा लागतो. साध्या सर्वंकष विम्यात रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांच्यावर निम्मा घसारा कापला जातो, आणि घसारारहित पॉलिसी बहुधा पहिल्या पाच वर्षांपुरतीच सहज मिळते. पुराच्या पाण्यातून गाडी दामटून इंजिनात पाणी गेले, तर त्यासाठीचे स्वतंत्र संरक्षण घेतल्याशिवाय दावा मान्य होत नाही. जुन्या गाडीच्या कर्जाचे व्याजही नव्या गाडीपेक्षा चढे असते. ज्या जिल्ह्याने बुलडाणा अर्बनसारखी पतसंस्था उभी केली, त्याला व्याजाचे गणित वेगळे शिकवण्याची गरज नाही. मात्र मोबदल्याच्या रकमेतून रोखीने घेतलेल्या गाडीलाही व्याज असतेच, ते ठेवीवर न मिळालेल्या पैशांच्या रूपाने, हे हिशेबात सहसा धरले जात नाही.

ब्रिटनबरोबरच्या मुक्त व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. त्यात ठरावीक कोट्यापुरते मोटारींवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची तरतूद आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतांश आलिशान गाड्या चाकण, शेंद्रा, चेन्नई येथे जुळवल्या जात असल्याने याचा थेट परिणाम मर्यादित राहील. तरीही नव्या गाड्यांचे भाव वर जाण्यापेक्षा खाली येण्याचाच कल दिसतो, आणि त्याची झळ आज जुनी गाडी घेणाऱ्याला उद्या विकताना लागणार आहे. जिल्ह्यात आठ-नऊ वर्षांच्या बोलेरोला किंवा इनोव्हाला दारात गिऱ्हाईक येते. तेवढ्याच वयाच्या ऑडीला पुन्हा मोठ्या शहराकडेच पाठवावे लागते.

ती विकताना आणखी एक पथ्य आहे. २९ आणि ३० क्रमांकाचे अर्ज सही करून दलालाच्या हाती दिले आणि पैसे घेऊन घरी आले, एवढ्यावर व्यवहार संपत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले, की परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक. मधल्या काळात गाडी चार हातांतून गेली आणि पाचव्याने अपघात केला, तरी भरपाईची नोटीस त्या नावाच्या पत्त्यावरच येते.